वजा रकाना

मी मीटर वाचते.
सिडकोतली आमची लाइन, मग पाथर्डी फाट्याकडच्या बिल्डिंगी:
जिन्याखाली जाळी, जाळीआड काच, काचेआड आकडा.
अकरा वर्षांत एवढंच पक्कं कळलं,
आकडा पुढं सरकतो. मागं कधी नाही.

शनिवारी गावाकडं, खापरदऱ्याला.
सिन्नर सोडलं की पठारावर पवनचक्क्या दिसतात,
आधी तीन, वळण घेतलं की सात,
निवडून आलेल्या माणसासारख्या
येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना हात करत.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर झाली होती, चैत्रात.
कंपनीचा साहेब पिवळं हेल्मेट घालून बसला,
पिंपळाखाली डोक्यावर काही पडणार नव्हतं तरी.
म्हणाला, आवाज फ्रिजएवढाच.
भामाबाई सांगळे म्हणाली, आमच्यात फ्रिज नाही, दुसरं सांगा.
मग निवृत्ती आव्हाड उठला.
पात्याची लांबलचक गाडी वळावी म्हणून त्याची चिंच तोडली होती.
भरपाई मिळाली, म्हणाला, पण ती लाकडाची.
सावलीची कुठल्या कागदावर लिहिलीय?
कुणी विचारलं, पात्यांनी ढग पळतात का?
घुगे सर म्हणाले, नाही.
मग गेले कुठं?
सर चष्मा पुसत राहिले.
पोपटचं बोलणं मात्र सगळ्यांना टोचलं:
वीज इथं पिकते, तारेवरून खाली जाते,
आपल्या मोटारीला थ्री फेज रात्री दोनला.
दूध डेअरीला, अन् घरात कोरा चहा.

तोवर माझ्या भावानं सही केलेली.
खडकाळ दीड एकर,
तिथं कुसळं पिकायची आणि आमची शेळी.
आईनं विरोधाच्या अर्जावर सही केली:
स, रु, बा, ई.
साक्षरता वर्गातली चार अक्षरं, पहिल्यांदाच कामी आलेली.
चुली काही दोन झाल्या नाहीत,
पण भाजीतलं मीठ कमी-जास्त व्हायला लागलं.

इकडं आमच्या सोसायटीत भांडण गच्चीचं.
सोलर बसवा, लिफ्टचं बिल शून्य येईल,
खैरनार काकांनी कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडलं.
तांबट वहिनी म्हणाल्या, आणि कुरडया?
सगळे गप्प. कुरडया सगळ्यांच्याच घरी पोचायच्या.
शेवटी दक्षिणेची बाजू सूर्याला,
उरलेली सव्वादोन चादरी कुरडयांना.
इतिवृत्तात तसंच लिहिलंय, सव्वादोन चादरी.

त्या मीटरचं पहिलं रीडिंग मीच घेतलं.
घेतलेली दोनशे बारा, दिलेली दोनशे साठ.
वजा अठ्ठेचाळीस.
हातातलं मशीन म्हणालं: चुकीची नोंद, पुन्हा तपासा.
तीनदा तपासलं.
काका मागं उभे, नातवाचा निकाल बघावा तसे.
मशीनमध्ये वजाचा रकाना नव्हता.
मी शून्य टाकलं. अठ्ठेचाळीस युनिट
दिवसभर माझ्या पर्समध्ये वाजत राहिले.

परवाच्या शनिवारी तीन नंबरची चक्की बंद होती,
तीच, आमच्या कुसळांवरची.
रात्री दीडला आई अंगणात.
काय गं?
थांबलंय, म्हणाली.
पठारावर नुसता लाल दिवा, उघडझाप.
अण्णांना दमा होता. वीस वर्षं ती
त्यांच्या छातीतल्या घरघरीवर कान ठेवून झोपली,
आवाज तुटला की उठून बसायची.
मी जरा वेळानं विचारलं, मग अर्ज मागं घेतेस?
मुळीच नाही. सकाळची सावली म्हशीवर फिरते,
म्हैस पान्हा चोरते.
तेवढ्यात थ्री फेज आली.
भाऊ बॅटरी घेऊन आमच्या मधून विहिरीकडं गेला.

रविवारी परतताना वळणावर एसटीतून पाहिलं,
सहा हात करत होत्या.
सातवीच्या पात्यावर दोरीला एक माणूस,
मुंगळ्याएवढा, काहीतरी पुसत.
आई सकाळीच त्याला तांब्याभर ताक देऊन आली होती.
तांब्या अजून परत आलेला नव्हता.