नावे-जमा

मला पतंगांचा नाद आहे म्हटलं
की तांडापेठेत लोक मांजाचा भाव विचारतात.
मी समजावणं सोडलं.

माझे पतंग रात्रीचे.
गच्चीवर दोन बांबू, मधे पांढरी चादर,
मागे जुना मर्क्युरीचा दिवा, भणभणणारा.
चादर बाबांच्या मागावरची, शेवटची.
काठाशी एक धागा चुकलाय.
चुकू दिला, की तोवर नजर गेली होती,
विचारायचं राहिलं.

बाबा कोसा विणायचे.
कोसे उकळतात हे मला सहाव्या वर्षी ठाऊक होतं,
आत कोणी असतं हे आठव्या वर्षी कळलं.
एक कोसा दप्तरात लपवला. विसरलो.
आणि एका सकाळी कंपासपेटीवर
तळहाताहून मोठा, विटकरी, अजून ओलसर,
पंखांना चार खिडक्या, आरपार.
त्याला तोंडच नसतं.
खात नाही, पीत नाही,
पाच-सात दिवस नुसता असतो.
त्या दिवशी शाळेत गेलो नाही.
बाबांनी मारलं,
मग स्वतःच खाली वाकून
बराच वेळ बघत बसले.

पुढे विणकर सोसायटीत हिशेब लिहिले.
सोसायटी बुडाली, कोऱ्या खतावण्या उरल्या,
त्यांत पतंग लिहायला लागलो.
तारीख, तिथी, वारा, पंखाचं माप.
सगळं जमेच्या रकान्यात.
नावेचा रकाना बेचाळीस वर्षं रिकामा.

कृपाली, धाकट्या भावाची नात,
मे महिन्यात कूलरच्या टाकीत पाणी सोडायला वर आली.
"काय करून राहिले हो, मोठे आजोबा?"
मी खतावणी उघडली. ती शिंकली.
मी पुस्तकातली नावं सांगितली,
ओठ मोडतील अशी, परमुलखातली,
जी मी रात्र रात्र घोकली होती.
ती म्हणाली, "हा तं समोसा आहे.
अन् हा, चिंधी."
हिरव्या कण्हेरवाल्याला तिनं
"ड्रेसवाला" म्हटलं.
मला राग आला.
दुसऱ्या दिवशी मीच विचारलं,
काल समोसे किती होते गं?

श्रावणात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं.
उजव्यात आधीच दूध.
आता चादर दिसते. चादरीवरचं दिसत नाही.

तान्ह्या पोळ्याची रात्र. चंद्र नाही,
अशीच लागते आम्हाला.
मनगटाला लाकडी बैलाची दोरी तशीच गुंडाळून
ती चादरीसमोर उकिडवी बसली.
"आजोबा, मोठ्ठा. चुकलेल्या धाग्यापाशी.
खिडक्या आहेत त्याला. चार."

मी चादरीला नाक लावलं.
पांढरं. नुसतं पांढरं.
पेन तिच्या हातात दिलं.
लिही.
"पण तुम्ही तं पाह्यलाच नाही!"
तू पाह्यला नं?
तिनं लिहिलं. 'खिडक्या'तली वेलांटी चुकली असावी,
कारण खोडल्याचा आवाज आला.

मग कधी नव्हे ते झालं.
साडेदहाही वाजले नव्हते
आणि तिनं दिवा बंद केला.
अगं, आत्ताच तर यायला लागलेत!
"त्यायले घरी नाही जायचं काय?"

बेचाळीस वर्षं मी पहाटेपर्यंत दिवा जाळला.
सकाळी चादरीखाली झाडू मारताना
जे निघायचं, ते कधी लिहिलं नाही.

अंधारात ती मोजत होती, मोठ्यानं,
कसं मोजत होती तिलाच ठाऊक,
मोबाइलच्या उजेडात बोट नाचवत.
मग पान उलटल्याचा आवाज,
आणि माझ्या हाताचं बोट धरून तिनं
रिकाम्या रकान्यावर टेकवलं.
शाई अजून ओली होती.
"इथं लिहिलं. सोडले, अठ्ठावीस."

खाली कोणाच्या तरी घरी बातम्या लागल्या होत्या.
तिची आई जेवायला हाका मारत होती.
माझ्या कानाला काहीतरी घासून गेलं,
कोरडं, हलकं.

कोणता होता गं?

"थांबा," ती म्हणाली,
"नाव ठेवून राहिली."