दुरुस्तीची रेषा

वासिलच्या नजरेचं फक्त मधलं गेलं.
कडा शाबूत आहेत, डॉक्टरीण म्हणाली,
कडांवर पुष्कळ वर्षं निघतील.
म्हणून या उन्हाळ्यात स्टिअरिंग माझ्याकडे.
अठ्ठावीस फुटी जुनं मोटरहोम,
डावीकडे वळलं की फ्रीजचं दार उघडतं
आणि शेपू घातलेल्या काकड्यांची बरणी
बाहेर डोकावते.
मी डावी वळणं टाळते.
तसं सस्कॅचेवानमध्ये वळावं लागतंच कुठे!

"कॅनोला फुललाय?"
फुललाय. इतका पिवळा, की काचेवरचे टोळसुद्धा
पिवळे होऊन मरतात.
तो मान तिरपी करतो, कोंबडी दाणा हेरते तशी,
आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून
एकरामागून एकर आत घेतो.
त्याला इथे कमी दिसत नाही फारसं.
या मुलखाला मध्य नाहीच.
रस्त्याची कड, तारेची कड,
आणि लांबवर आभाळाची दुमडलेली कड.

तीस वर्षं त्यानं धान्य विकत घेतलं
रुळांकाठच्या लाकडी मनोऱ्यांत.
गव्हाचा दाणा दाताखाली फोडून ओल सांगायचा,
यंत्राआधी.
आता तो गावं सांगतो, त्यांच्या क्रमानं.
"उजवीकडे बघ, मनोरा येईल. गावाचं नाव लिहिलेला."
येतं ते गवत.
रूळ उखडलेले, एक तोल गेलेला खांब,
बिळाशी दोन पायांवर उभा गोफर.
पहिल्या गावी मी खरं सांगितलं.
दुसऱ्या गावीही.
तिसऱ्या गावी म्हणाले, "हो, दिसला.
रंग उडालाय जरा."
"कुठला रंग?"
"लाल."
"हिरवा होता."
"मग नंतर दिला असेल."
तो काही बोलला नाही.
मीही वेगमर्यादेच्या पाट्या मोठ्यानं वाचत राहिले.

उत्तरेकडे जाणारा खडीचा रस्ता.
दोरी ताणल्यासारखा सरळ,
आणि अचानक, काही कारण नसताना,
डावीकडे हिसका.
दार उघडलं. बरणी गेली.
व्हिनेगर, शेपू, लसूण, काचा,
एक काकडी थेट पेडलखाली.

कडेला थांबून मी फरशी पुसत होते,
तो पायरीवर बसून सांगत होता:
"दुरुस्तीची रेषा ही.
साखळ्या घेऊन मोजणी करत निघालेले लोक,
चौकोन आखत उत्तरेला.
पण पृथ्वी गोल, रेषा जवळ जवळ येतात.
म्हणून दर चोवीस मैलांवर थोडं सरकून
पुन्हा पहिल्यापासून."
मी फडकं पिळलं.
"वासिल, तिथे मनोरा नव्हता."
"ठाऊक आहे.
मनोऱ्याशेजारून जाताना खिडकीतला वारा
क्षणभर पडतो.
आज पडला नाही."
मग म्हणाला, "एखादी काकडी वाचली का गं?"

रात्री साडेनऊ. अजून ऊन.
आइस हॉकीच्या रिंकमागे चार गाड्यांपुरती जागा,
पंधरा डॉलर लिफाफ्यात घालून
डब्यात टाकायचे, विश्वासावर.
डास झुंबडीनं.
डेल्फीन थॉरवाल्डसन ऱ्हुबार्बचा पाय घेऊन आली
आणि न विचारताच बसली.
आमचा पाडला तो मंगळवार होता, म्हणाली,
लोकांनी घरून खुर्च्या आणल्या,
पोरांना शाळेनं सोडलं.
साखळदंड लावला, ओढला,
आणि तो आडवा झाला तो असा,
जसा दमलेला माणूस बूटही न काढता.
धूळ बसली.
पण कबुतरं, तीन दिवस,
तेवढ्याच उंचीवर घिरट्या घालत होती,
रिकाम्या हवेला वळसे देत,
जिथे छप्पर होतं त्याच्या बाहेरून.

"कुठे?" वासिलनं विचारलं.
तिनं बोट दाखवलं, टाकीच्या पलीकडे.
नीट दिसावं म्हणून
त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं.