नाईटनंतर

सकाळी सातला चाव्या हवाली केल्या.
रजिस्टरात: खाट चार, झोप दोन तास.
खाट नऊ, सगुण, रात्रभर भिंतीशी बोलणं, जेवण नाही.
मग सायकल गाडीच्या टपावर, आणि बांबोळीहून थेट डिचोली.

बंद खाणीचा रस्ता. टिपर गेले, चर राहिले.
लाल धूळ दाढेपर्यंत पोचते.
मी काही कसलेला नाही. चाळिशी, गुडघ्याला पट्टा,
मागचा ब्रेक किंचाळतो.
उतारावर एवढंच शिकलो:
चुकवायच्या दगडाकडे बघत राहिलं
की चाक नेमकं त्याच्यावरच जातं.

हे वॉर्डात कुणाला सांगत नाही.
तिथे डोळे मिटले तरी दगड दिसतो.

आज पडलो. कोपर सोललं.
तसाच पडून राहिलो, छातीत धाडधाड,
वर एक घार.
कुणी माझी नोंद करत नव्हतं.

रात्री गोळ्या देताना सगुणनं कोपर धरलं,
उजेडाकडे फिरवलं,
तीन आठवड्यांत भिंतीखेरीज ज्याचं कुणाशी अक्षर नाही, त्यानं.
खपलीतली माती नखानं खरवडून पाहिली.
"तिसऱ्या वळणाचेर पडलो मरे?"

मी गप्प.

"धा वर्सां टिपर चालयला हांवें.
थंय ब्रेक मारचो न्हय."
आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

रजिस्टरात लिहिलं: खाट नऊ, बोलला.
काय बोलला, त्या रकान्यात
बराच वेळ पेन टेकवून बसलो.
कोपर ठणकत होतं.