सव्वा फेरा

बटण दाबण्याआधीच रेम्मी उठते,
अंग झाडते, नाकानं दार ढकलून
बाहेर बर्चच्या ओंडक्यांपाशी जाऊन बसते.
तिला जे ऐकू येतं ते मला येत नाही.
मला फक्त एक बारीक कुरकुर,
तवा तापू लागल्यासारखी.

टाकी जेमतेम शिवणाच्या डब्याएवढी.
साठ अंश पाणी, झाकणभर साबण,
जाळीच्या टोपलीत
इर्या तोल्वानेनच्या बोटमोटरीचा कार्ब्युरेटर,
सगळा सुटा करून:
पितळी तरंगा, सुई, दोन जेट, चार स्क्रू.
रबराचं ते वेगळं बशीत.
रबराला हे सोसत नाही.

सरोवरावरचा बर्फ मागच्या मंगळवारी गेला.
त्याच दिवशी तिनं मोटर आणली,
हातगाडीवर, जुन्या रजईत गुंडाळून.
म्हणाली, "नऊ वर्षं झाली. ओइवा गेल्यापासून."
म्हणाली, "जाळं मी टाकीन. वल्ही खांद्याला झेपत नाहीत."
पुढं काही नाही. आमच्या सावोत
एवढं बोलणं म्हणजे भाषण.

नऊ वर्षांत पेट्रोलचं काय होतं ते सांगतो.
उडण्यासारखं असतं ते आधी उडून जातं.
उरतं त्याचा डिंक होतो,
डिंकाची पिवळट लाख,
आणि जेटच्या भोकात, जे केसाहून थोडंच रुंद,
ती अशी बसते
की उजेडासमोर धरलं तरी पलीकडचं काही दिसत नाही.
तार घालू नये.
माझ्या आधीच्या नूतिनेननं तारा घालघालून
अर्ध्या गावाच्या करवती खादाड करून ठेवल्या.

म्हणून हे यंत्र.
पाण्यात बुडबुडे जन्मतात,
दिसायच्या आत मिटतात,
आणि मिटता मिटता धातूला टोचतात.
विश्वास नसेल तर फॉइलचा तुकडा बुडवा,
मिनिटभरानं काढा:
चाळणी.
पहिल्या दिवशीचा माझा तुकडा
खिडकीला चिकटवलाय अजून.
ऊन आलं की बाकावर ठिपके पडतात.

चौथ्या मिनिटाला धूर सुटला.
धूरच म्हणायचा, तपकिरी,
भोकाभोकांतून पाण्यात उतरणारा.
मला हे पाहत बसायला आवडतं.
पाहत बसलो. तिथंच चुकलं.

बाहेर काढलं तेव्हा पितळ नव्या नाण्यासारखं.
जेट खिडकीसमोर धरला:
गोल, पूर्ण,
टाचणीच्या टोकाएवढं आभाळ.
आणि मग आठवलं,
मिश्रणाच्या स्क्रूच्या डोक्यावर
एक लाल ठिपका होता.
त्याच्यासमोर, कार्ब्युरेटरच्या अंगावर, दुसरा.
नेलपॉलिश.
कुणीतरी जुळवून ठेवलेलं.
आता दोन्ही नाहीत.
मळ कुठला आणि खूण कुठली,
यंत्राला कुणी सांगितलेलं नाही.
मला ठाऊक होतं.

फोन केला. ती सायकलवरून आली.
मी टोपी काढून सांगितलं.
चष्मा कपाळावर सरकवून तिनं
कोऱ्या स्क्रूकडं पाहिलं.
"पूर्ण बंद कर," म्हणाली, "हलक्या हातानं.
आता सव्वा फेरा उघड.
बॅटरी मीच धरून उभी होते ना.
पॉलिशही माझंच.
तो विसरायचा, म्हणून खूण."

पिंपात पाणी भरून मोटर लावली.
तिसऱ्या ओढीला खोकली, पाचवीला लागली.
इर्या वाकून ऐकत राहिली,
बराच वेळ, धुरात,
मग माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला
आणि आणखी केसभर उघडला.
"त्याला जरा कोरडी आवडायची," म्हणाली.
"मला अशी."

पैसे मोजून दिले.
नवी खूण करू का, मी विचारलं,
कपाटात पांढरा रंग होता.
नको म्हणाली.
दारातून रेम्मी आत येत होती.
दोघी एकमेकींना वाट देत
थोडा वेळ तशाच थांबल्या.