हिरवी वायर

उद्यमनगरातनं मीटरावर तोडून आणली,
तीन कोअर, चार एमएम.
तवनाप्पा म्हणाला, "मिस्त्री कोण?"
म्हटलं, मीच.

मेन स्विच खाली. तरी टेस्टर लावला,
मग पुन्हा एकदा.
ड्रायरची पाठ उघडली तर आत
अकरा वर्षांची राखी गादी,
नर्सिंग होस्टेलच्या एप्रनांची,
कुणाच्या हळदीच्या साड्यांची.

लाल सुटली. काळी सुटली, टोकाला करपलेली.
हिरवी सापडेना.
हिरवी कधी जोडलेलीच नव्हती;
पकडीनं छाटून, टेपात गुंडाळून
आत सारलेली.
टेप बाबांचीच, कडेला दातांनी तोडलेली.

आणि आई इतकी वर्षं म्हणायची,
ओल्या हातानं दार धरलं की
बोटांत मुंग्या येतात,
वात आहे गं.
लसूण घालून तेल कढवायची.

हिरवी आवळली. पत्रा खरवडून,
वॉशर घालून.
केबलची मान क्लॅम्पात धरली,
दोनदा ओढून बघितली.

स्विच वर. बाहेर धो धो,
आत ड्रम गरगरतोय.
आईनं ओल्या हातानंच दार धरलं,
थोडा वेळ तशीच उभी.
"आज उतरलाय बघ," म्हणाली.

मी पाना पुसत राहिले.
बाबांचं नाव काढलं नाही.
रात्री तिनं तेल कढत ठेवलंच.