दोन किलो तीनशे

मेव्हण्याने वाशीहून पाठवलेली झोळी
कुरियरवाला सर्जेकोटच्या जेटीवरच देऊन गेला.
काळी, जाड, चार पट्टे, दोन बकलं,
आत घडीचा कागद, सात भाषांत, आपली सोडून.
रसिकाने खाटेवरून आकडा तेवढा वाचला:
साडेतीन किलोपासून पुढे.

आमची दोन किलो तीनशे.

तरी तिने कमरपट्टा पोटाशी धरून पाहिला
आणि खाली ठेवला.
नेमका टाक्यांवर येत होता.
मी काही बोललो नाही. पट्टे खोक्यात भरायला घेतले,
आले होते तसे ते परत बसेनात.

दुसरी, तारकर्लीच्या चुलतबहिणीची, वापरलेली:
एका खांद्यावरून कापड, दोन कड्यांतून ओवलेलं.
कड्या मला कळतात.
जाळ्याची कडी मी नखाने तपासतो,
जिथे जोड तिथे दगा.
हिच्यावरून नख फिरवलं, एका जागी अडलं.
तिला सांगितलं, रंग आवडला नाही.

मग मालवणच्या बाजारात उभा राहिलो,
बायकांच्या रांगेत, एकटा पुरुष.
सुती, पातळ, मार्चच्या घामाला पुरणारं,
पाच मीटर, मधे शिवण नसलेलं.
आडवं ओढून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं,
आणि दुकानदार पैसे मोजत असताना
कोपरा तोंडात घालून चघळला.
तीही चघळणारच.
रंग जिभेवर उतरला नाही.

मेस्त्री सिस्टरनी बोटं मोडत सांगितलं:
हनुवटी छातीला टेकता नये.
नाक कायम दिसलं पाहिजे.
मान वाकवलीस की टाळूचा पापा घेता आला पाहिजे,
त्याहून खाली गेली तर बांधणी चुकली.
गुडघे कुल्ल्यांच्या वर, बेडकासारखे.
चुलीपाशी नको. होडीत तर अजिबात नको.
आणि गाठ कुठली, मी विचारलं.
त्या हसल्या. "ता तुमका ठावक."

गाठी मला येतात.
ओल्या दोरात आवळत जाणाऱ्या,
ओढ लागली की चावणाऱ्या,
काळोखात, एका हाताने.
झोपलेल्याला न उठवता सुटणारी
त्यांत एकही नाही.

म्हणून असोला नारळ घेतला.
मासळीच्या काट्यावर दोन किलो शंभर.
उरलेल्या दोनशेला पागाची शिसं फडक्यात बांधून लावली
आणि तीन दिवस छातीशी घेऊन हिंडलो.
बाबल तांडेल जेटीवरून ओरडला,
"काय रे निळू, नारळाचा बारसा कधी?"
मी म्हटलं, आधी दात येऊ देत.

पहिल्या दिवशी बादलीला वाकलो
तर निसटून थेट माझ्या अंगठ्यावर.
रसिका हसली,
टाक्यांवर हात दाबून हसू आवरलं,
आणि मग दोघंही गप्प,
जमिनीवर पडलेल्या नारळाकडे बघत.

तिसऱ्या दिवशी जेटीच्या पायऱ्या चढलो, उतरलो,
विहिरीवर वाकलो, खोकलो, मुद्दाम ठेचकाळलो.
राहिला.

मग तिला घेतलं.
वजन तेच, पण नारळ
गळ्याच्या खळगीत श्वास सोडत नव्हता.
नारळाला माझ्या काळजाचे ठोके ऐकू जात नव्हते
आणि मलाही तोवर ऐकू आले नव्हते.
दारापासून पहिल्या माडापर्यंत गेलो, मग परत.
गाठ नीट धरून होती,
तरी खालचा हात काढवेना.
रसिका खाटेवरून म्हणाली, "नाक दिसता मा?"
दिसत होतं.
दर चार पावलांनी मी बघत होतो.

संध्याकाळी बाबलने बांगडे आणून दिले.
घरात खोबरं नव्हतं.
रसिका म्हणाली, एक हा ना, कोपऱ्यात.
मी कोयता घेतला, तो उचलला,
हातात जोखला,
शिसं सोडून बाजूला ठेवली.

कोयता परत खुंटीला अडकवला.
त्या रात्री आमच्या घरी
बांगड्याचं कालवण बिनखोबऱ्याचं झालं,
आणि दोघांनीही
कुणाला सांगितलं नाही.