कडता

गायधनी काकांनी विचारलं, "भाव काय देतात तिथं?"
मी म्हटलं, "एकास पस्तीस."
दिंडोरी रोडच्या यार्डात लिलाव उरकला होता,
कोथिंबिरीच्या जुड्या तुडवत एक गाय फिरत होती,
आणि आम्ही दोघं पालथ्या क्रेटांवर, मधे चहा.
एकतीस वर्षं मापाडी होते काका.
मी तीन वर्षं पणजीला, बोटीवर,
काळं जाकीट घालून चाक फिरवलं.
घरी सांगितलं होतं, हॉटेलात आहे.

"एकास पस्तीस." त्यांनी जिभेवर घोळवून पाहिलं.
"आणि घरं किती?"
खरं सांगते, हा प्रश्न
तीन वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं विचारला नव्हता.
सदतीस, म्हटलं. एक ते छत्तीस,
आणि एक शून्य. हिरवं.

हमालाकडून खडू घेऊन काका फरशीवर वाकले.
सदतीस घरांवर शंभर शंभर, झाले सदतीसशे.
लागलेल्या घराला पस्तीसशे,
वर त्याचे स्वतःचे शंभर, झाले छत्तीसशे.
"शंभर कुठं गेले?"
हिरव्यात.
"मग कडता म्हण की," काका म्हणाले.

कडता. गोणीचा, मातीचा, ओलीचा, सडक्याचा,
काट्यावरून परस्पर वजा होणारा,
पावतीवर बारीक अक्षरात, आणि कधी तेवढाही नाही.
क्विंटलमागे दोन किलो सातशे, त्यांनी बोटांवर काढलं
आणि खो खो हसले.
"अगं, हा शेठ तर देवमाणूस!
आमच्या भद्रकालीत आकडा दहातला एक, आणि भाव नऊ.
क्विंटलमागे दहा किलो उचलायचा.
वर आम्ही त्याला मामा म्हणायचो."

मला हसू आलं नाही.
काका, तुमच्या काट्यावर माल एकदा चढतो, म्हटलं,
मग ट्रकमध्ये जातो.
तिथं तीच गोणी पहाटेपर्यंत चढवत राहतात,
स्वतःच्या हातानं, रांगेत उभं राहून.
चाळीस वेळा तोलली तर?

काका बराच वेळ खडू धरून बसले.
चहावर साय आली.
"तेहतीस किलो," शेवटी म्हणाले. "शंभरातले."
मग जरा थांबून, "आणि चोरी कुठंच नाही?"
कुठंच नाही. चाक सरळ, गोटी सरळ,
मीही सरळ.

ओझरचा एक माणूस यायचा, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
"ये ना रं," असं गोटीशी बोलायचा,
तेवढ्यावरून ओळखला मी त्याचा गाव.
कागदावर लाल-काळं मांडायचा. नऊदा लाल आलं की
आता काळ्याची पाळी, म्हणायचा.
चाकाला पाळी ठाऊक नसते.
मी बोलले नाही. बोलायचं नसतं.
एका रात्री त्याला सतरा लागला.
पस्तीस नाणी मी त्याच्याकडे सरकवली, माझे हात थरथरले,
त्याच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला.
त्यानं एक नाणं माझ्याकडे परत सरकवलं, "पोरी, चहाला."
पहाटे चार वाजता जिन्यापाशी उभा होता,
खिशांचं अस्तर बाहेर आलेलं.
विचारत होता, नाशिकची गाडी किती वाजता सुटते.

"त्या नाण्याचं काय केलंस?"

पगारात धरून घरी पाठवलं, काका.
सगळाच पगार तसला, कडत्यातला.
आईचा फ्रीज त्यातूनच आला. तो निळा.
उन्हाळ्यात येता तेव्हा तुम्ही त्यातलंच पाणी पिता.

गाय खडूच्या आकड्यांवरून चालत गेली.
कुणीतरी दिवा लावला, पलीकडच्या गाळ्यात काटा
शून्यावर येऊन पुटपुटला.

काकांनी पेल्यातला उरलेला चहा पायाशी ओतला.
"गार असतं पाणी," म्हणाले.